कार्बोरेटर बदलण्याआधी टाकीत डोकवा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरचा कार्बोरेटर जवळजवळ संपला. पण १९८५ साली आलेल्या सीडी १०० आणि आरएक्स १००, १९९४ पासूनची स्प्लेंडर, जुन्या बुलेट या गाड्या अजून धावतात, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: रात्री उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी पेट्रोलचा डाग. गॅरेजमध्ये याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात आणि पुष्कळदा थेट नवा कार्बोरेटर टाकायला सांगतात. हा सल्ला घाईचा आहे. पेट्रोल टपकते कार्बोरेटरमधून हे खरे, पण त्याचे मूळ बऱ्याचदा त्याच्या वर, टाकीत आणि कॉकमध्ये असते. ते तसेच ठेवले तर नवा कार्बोरेटरही गळू लागतो.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल-कॉक जे काम करतो, तेच कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट करतो. वाटी भरत आली की फ्लोट तरंगत वर येतो, नीडल पितळी सीटवर दाबली जाते आणि पेट्रोल थांबते. या साध्या मोटरसायकलींत पंप नसतो; टाकीतून पेट्रोल उताराने खाली येते आणि त्याला अडवायला असते ती फक्त त्या हलक्या फ्लोटची तरंगण्याची ताकद. म्हणून सीटवर गंजाचा बारीकसा कण अडकला तरी नीडल नीट बसत नाही, पातळी चढते आणि जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर येते. हा कण येतो कुठून? पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर सैल असेल तर पाणी आत उतरते. गाडी महिनोन् महिने अर्धी टाकी रिकामी ठेवून उभी असेल तर आतल्या पत्र्यावर ओल धरते आणि गंज चढतो. कॉकवरची जाळी फाटलेली असेल तर तो गंज अडायला जागाच उरत नाही. म्हणूनच नीडल बदलून गळती थांबली तरी काम अर्धेच झालेले असते.

अर्थात प्रत्येक गळती नीडलचीच नसते, आणि इथे पाच मिनिटांचा धीर बराच खर्च वाचवतो. मोकळ्या हवेत, जवळ विडी-सिगारेट किंवा कुठलीही ठिणगी नसताना, थंड इंजिनावर कार्बोरेटर बाहेरून कोरडा पुसावा, कॉक चालू करावा आणि पहिला ओलावा कुठे येतो ते पाहावे. नळीतून आले तर नीडल, सीट, भोक पडून जड झालेला फ्लोट किंवा वाटीतली चिरलेली ओव्हरफ्लो नळी यांपैकी काहीतरी बिघडले आहे. वाटीच्या सांध्यातून आले तर पॅकिंग किंवा ओ-रिंग गेली आहे. तळाच्या ड्रेन स्क्रूपाशी आले तर त्याचे वॉशर पाहायचे. सांध्यावर सिलिकॉन फासण्याची सवय मात्र सोडलेलीच बरी. साधे सिलिकॉन पेट्रोलात फुगते आणि त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये जाऊन बसू शकतात.

यावर कोणी म्हणेल, वाटीवर पाना हळूच ठोकला की गळती थांबते, मग एवढा खटाटोप कशाला? ठोकल्याने अडकलेला कण हलतो, एवढेच. तो वाटीतच राहतो, आणि वरून नवे कण यायचे थांबलेले नसतात. दुसरा युक्तिवाद असा, की रात्री कॉक बंद केला की झाले. ही सवय चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. जुन्या कॉकचे आतले रबर झिजले की ‘बंद’वरही थेंब थेंब झिरपत राहतो. त्यात ओव्हरफ्लोची नळी तुंबलेली असेल, तर तेच पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि चार-स्ट्रोक गाडीत पुढे ऑइलमध्ये उतरू शकते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलेपर्यंत किक मारू नये.

इथेनॉलवर सगळा दोष टाकणाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. भारतात पेट्रोलमधले मिश्रण २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल पाणी शोषते, आणि त्याचा विचार न करता बनवलेली जुनी रबरे त्याने फुगतात किंवा कडक होतात. पण यातून निघणारा उपाय नवा कार्बोरेटर हा नव्हे. इथेनॉल सोसणारी नीडल, ओ-रिंग आणि पाइप हा आहे.

एक अपवाद मान्य करायला हवा. काही कार्बोरेटरांत पितळी सीट अंगातच ठोकून बसवलेली असते आणि सुटी मिळत नाही. ती झिजली असेल तर कार्बोरेटर बदलणेच योग्य. ते ओळखायला तो काढून, साफ करून, नवी नीडल बसवून उलटा धरावा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होते. मग पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ पाइप लावून हलकेच फुंकावे. तरीही हवा आत गेली तर सीट गेली. हवा अडली तर पैसे कॉकच्या जाळीवर, टाकीतला गंज काढण्यावर आणि पाइपात एक चांगला फिल्टर बसवण्यावर घालावेत.