शोधनिकालासाठी मेटा वर्णन कसे लिहावे

या पाठात आपण मेटा वर्णन म्हणजे काय, ते शोधनिकालात कुठे दिसते आणि मराठीत ते लिहिताना कोणती तांत्रिक काळजी घ्यावी, हे पाहणार आहोत. एचटीएमएलची प्राथमिक ओळख असलेल्या विद्यार्थ्यांना हा पाठ समजेल.

मेटा वर्णन म्हणजे काय?

गुगलसारख्या शोधयंत्रावर काही शोधले की प्रत्येक निकालात पानाचा पत्ता, निळ्या अक्षरांतले शीर्षक आणि त्याखाली दोन-तीन ओळींचा मजकूर दिसतो. या मजकुराला स्निपेट म्हणतात. स्निपेटसाठी आपण स्वतः सुचवलेला मजकूर म्हणजे मेटा वर्णन. पानाच्या हेड भागात मेटा टॅग लिहून त्याच्या नेम या गुणधर्माला डिस्क्रिप्शन हे मूल्य देतात आणि कन्टेन्ट या गुणधर्मात वर्णन लिहितात. उघडलेल्या पानावर हा मजकूर दिसत नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, वर्णन लिहिल्याने पान निकालांत वर चढत नाही. कीवर्ड आणि डिस्क्रिप्शन हे दोन्ही मेटा टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. दुसरी, वर्णन ही केवळ सूचना असते. गुगल स्निपेट मुख्यतः पानावरच्या मजकुरातून तयार करते. आपले वर्णन पानाची अधिक नेमकी ओळख करून देत असेल तर ते वापरते. त्यामुळे एकाच पानाचा स्निपेट वेगवेगळ्या प्रश्नांसाठी वेगवेगळा दिसू शकतो.

मग वर्णन लिहायचे कशासाठी? निकाल पाहणाऱ्या माणसाला एवढेच ठरवायचे असते की, मला हवे ते या पानावर आहे का? त्याला हा निर्णय बरोबर घेता यावा, एवढेच वर्णनाचे काम.

एक उदाहरण: दिल्लीतील दोन संमेलने

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत १९५४ साली भरले आणि त्यानंतर २०२५ साली. समजा, आपण संमेलनांच्या इतिहासाचे संकेतस्थळ तयार करत आहोत आणि त्यात या दोन्ही संमेलनांची स्वतंत्र पाने आहेत. दोन्ही पानांचे शीर्षक 'दिल्ली साहित्य संमेलन' असेल, तर वाचकाने निवड कशी करायची?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मला अशा ठिकाणी बहुतेक वेळा पुढील दोन प्रकारची वर्णने दिसतात.

• 'मराठी, साहित्य, संमेलन, दिल्ली, मराठी भाषा, साहित्यिक, पुस्तके.' ही नुसती शब्दांची यादी झाली. त्यातून काहीच कळत नाही.
• 'आमच्या संकेतस्थळावर आपले हार्दिक स्वागत आहे.' हे वाक्य साच्यात एकदाच लिहिलेले असते, म्हणून सगळ्या पानांवर तेच येते. पाहुणा दारात पोहोचण्याआधीच केलेले हे स्वागत त्याच्या उपयोगाचे नाही.

आता पुढील वर्णने पाहा.

• पहिले पान: 'दिल्ली, १९५४: ३७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, उद्घाटक पंडित जवाहरलाल नेहरू. अध्यक्षीय भाषण व छायाचित्रे.'
• दुसरे पान: 'दिल्ली, फेब्रुवारी २०२५: ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर. उद्घाटन विज्ञान भवनात, पुढील कार्यक्रम तालकटोरा स्टेडियमवर. तीन दिवसांची कार्यक्रमपत्रिका.'

दोन्हींत फरक दाखवणारा शब्द, म्हणजे साल, सुरुवातीलाच आला आहे. त्यानंतर ओळख आणि शेवटी पानावर काय मिळेल ते. मात्र पानावर छायाचित्रे नसतील, तर वर्णनातही ती नकोत. दुसऱ्या वर्णनात दोन ठिकाणे मुद्दाम दिली आहेत. संमेलनाच्या आधी कोणी केवळ 'तालकटोरा स्टेडियम' एवढेच लिहिले असते आणि ते वाचून एखादे कुटुंब गाझियाबादहून उद्घाटनाला निघाले असते, तर ते चुकीच्या ठिकाणी पोहोचले असते. अनेक जण निकालातल्या ओळीच वाचतात, पान उघडतही नाहीत. म्हणून तारीख, ठिकाण, शुल्क यांसारखे तपशील पानावर बदलले की वर्णनातही त्याच वेळी बदलावेत.

लांबी आणि देवनागरी

इंग्रजी पुस्तकांत वर्णनासाठी १५० ते १६० अक्षरांची मर्यादा सांगतात. गुगलने अशी मर्यादा ठरवलेली नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढा मजकूर दिसतो, उरलेला कापला जातो. मोबाइलवर जागा आणखी कमी असते.

मराठीत हा आकडा अधिकच फसवा ठरतो. 'महाराष्ट्र' या शब्दात आपल्याला म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र काना, हलन्त आणि प्रत्येक व्यंजन वेगळे मोजले जाते, म्हणून त्याचे दहा कोडपॉइंट होतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण तीस बाइट. वरचे दुसरे वर्णन सुमारे १८० कोडपॉइंटचे आहे. अक्षरे मोजणारे साधन त्याला 'फार लांब' म्हणेल, पण पडद्यावर ते तेवढे लांब दिसणार नाही. म्हणून आकड्यावर विसंबू नका, मोबाइलवर पाहून ठरवा. शेवटचे शब्द कापले गेले तरी अर्थ उरेल, अशी रचना करा.

आणखी तीन गोष्टी तपासा.

१. प्रोग्रामने वर्णन कापताना बाइट मोजून कापू नका. तसे केल्यास जोडाक्षर मध्येच तुटते. शब्द संपेल तिथेच थांबा.
२. कन्टेन्टचे मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत असेल, तर वर्णनात तेच साधे दुहेरी चिन्ह वापरू नका. वर्णन तिथेच संपते आणि पुढचा मजकूर नाहीसा होतो. एकेरी चिन्ह वापरा.
३. यूटीएफ-८ची घोषणा पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावी, अन्यथा देवनागरी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसू शकतात.

पाने खूप असतील तर

हजार पानांची वर्णने हाताने लिहिणे शक्य नसते. अशा वेळी साल, क्रमांक, अध्यक्ष, ठिकाण ही माहिती डेटाबेसमधून घेऊन प्रोग्रामने वाक्य तयार करावे. मुखपृष्ठ आणि सर्वाधिक वाचली जाणारी पाने मात्र स्वतः लिहावीत.

स्वाध्याय

१. आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या पानासाठी वर्णन लिहा. गावाहून पहिल्यांदाच येणारा विद्यार्थी काय शोधेल, याचा आधी विचार करा.
२. 'स्त्री' या शब्दाचे कोडपॉइंट आणि बाइट मोजा. (उत्तर: ६ आणि १८.)
३. आपले वर्णन पान न पाहिलेल्या मित्राला वाचून दाखवा आणि पानावर काय असेल ते त्याला सांगायला लावा. त्याचा अंदाज चुकला, तर वर्णन पुन्हा लिहा.