दाखला घ्या, पण जरा सांभाळून!

घरात पाळणा हलला की बारशाआधी दाखल्याची घाई. वडीलधारे माणूस गेले की तेराव्याच्या आत पुन्हा दाखलाच. मुलीचे लग्न झाले, नोंदणी करा. काटकसर करून दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, दस्त नोंदवा. मैत्रिणींनो, आपल्या संसारातला प्रत्येक मोठा प्रसंग कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या वहीत चढतोच. आणि या खेपा घालायचे काम बहुतेक घरांतून आता आपल्याकडे आलेले आहे. "तू दुपारी मोकळीच असतेस, तेवढं नगरपालिकेत जाऊन ये," हे वाक्य किती जणींनी ऐकले असेल!

आपण जातो, रांगेत उभ्या राहतो, पुढे सरकवलेला फॉर्म भरतो आणि दाखला हातात पडला की सुटलो म्हणून घरी येतो. पण त्या खिडकीतून आपण जेवढे घेतो, त्याच्या कितीतरी पट देऊन येतो. वय, शिक्षण, कितवे बाळंतपण, राहता पत्ता, आधारचा क्रमांक, अंगठ्याचा ठसा. हे सगळे पुढे कोण पाहू शकतो, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. खरे तर कायद्याने यातले काही सर्वांसाठी उघडे ठेवले आहे आणि काही झाकून ठेवले आहे. कोणते उघडे, कोणते झाकलेले, हे एकदा कळले की न मागता जास्तीचे देण्याची सवय आपोआप मोडते.

जन्माची नोंद

जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. जन्म झाल्यापासून २१ दिवसांच्या आत तो कळवायचा असतो. बाळंतपण दवाखान्यात झाले तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाले तर कुटुंबप्रमुखाची.

या फॉर्मचे दोन भाग असतात, हे तुमच्या लक्षात आले आहे का? एका भागात बाळाची जन्मतारीख, जन्माचे ठिकाण, आईवडिलांची नावे, पत्ता अशी माहिती असते. दाखल्यावर उतरते ती हीच. दुसऱ्या भागात धर्म, आईवडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय, लग्नाच्या वेळी आईचे वय, आधीची मुले, प्रसूती कशी झाली, बाळाचे वजन, असे सगळे विचारलेले असते. हा भाग आकडेवारीसाठी असतो. राज्यात किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, किती मुले कमी वजनाची जन्मली, हे सरकारला त्यावरून कळते. तो दाखल्यावर छापला जात नाही.

तेव्हा भर रांगेत कारकुनाने मोठ्यांदा "कितवं हो बाई? शिक्षण किती?" असे विचारले, तर लाजून चूर व्हायचे कारण नाही आणि ओरडून उत्तर द्यायचेही कारण नाही. "फॉर्म इकडे द्या, मी लिहून देते," एवढे शांतपणे म्हणावे. माहिती देणे आपले कर्तव्य आहे. ती चारचौघांना ऐकवणे हे काही कर्तव्य नाही.

या कायद्यात २०२३ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच दाखवायचा आहे. शिवाय सगळ्या देशाच्या नोंदींचा एकत्र साठा ठेवण्याची आणि तो मतदार यादी, रेशनकार्ड, पासपोर्ट अशा इतर खात्यांना मंजुरीने देण्याची तरतूदही झाली आहे. पूर्वी नावातली चूक एका वहीत पडून राहायची. आता ती दहा ठिकाणी पोचू शकते! म्हणून दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी, बाळंतिणीला जमत नसेल तर आत्याने किंवा मावशीने, फॉर्मवरची अक्षरे एकदा बोट ठेवून वाचावीत. बाळाचे नाव ठरले नसेल तरी जन्माची नोंद अडत नाही. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव विनामूल्य घालता येते, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून.

आईवडिलांचा आधार क्रमांकही आता या नोंदीत मागितला जातो, पण कायद्याचे शब्द "उपलब्ध असल्यास" असे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

एकट्या आईची गोष्ट तर अवश्य माहीत हवी. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, एकटी पालक किंवा अविवाहित माता प्रतिज्ञापत्र देऊन मुलाच्या जन्माचा दाखला मागू शकते. बापाचे नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर नाही. "बापाचं नाव घातल्याशिवाय संगणक पुढेच जात नाही," असे कुणी म्हटले, तर ती संगणकाची अडचण आहे, त्या बाईची नव्हे.

मृत्यूचा दाखला

मृत्यूच्या दाखल्याबाबत कायद्याने एक फार माणुसकीची गोष्ट केली आहे. शुल्क भरून नोंदवहीत शोध घ्यायला लावण्याचा आणि दाखला मागण्याचा हक्क कुणालाही आहे. पण त्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहायचे नाही, अशी कायद्याची सक्त अट आहे. का, ते सांगायला हवे का? एखाद्या घरातला तरणाताठा मुलगा स्वतःच्या हाताने गेलेला असतो. एखाद्याचा आजार असा असतो की, तो कळला तर मागे राहिलेल्या बायकोला विहिणी-जावा जगू देणार नाहीत. दाखला बँकेत जातो, गॅसच्या एजन्सीत जातो, मुलांच्या शाळेत जातो. तिथल्या कुणालाही कारण कळण्याची गरज नाही. विम्यासाठी कारण लागलेच, तर डॉक्टरांचा कागद वेगळा असतो. तो विम्याच्याच कचेरीत द्यावा, दाखल्याला टाचणी लावून सगळीकडे फिरवू नये.

घराचा दस्त

आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येऊ. इथला कायदा १९०८ सालचा, आणि इथली रीत जन्ममृत्यूच्या खिडकीच्या अगदी उलट. घर-जमिनीच्या व्यवहारांची वही इथे मुद्दामच उघडी ठेवलेली आहे. शुल्क भरून कुणीही ती पाहू शकतो, नक्कल मागू शकतो. महाराष्ट्रात ज्याला आपण "इंडेक्स टू" म्हणतो, ती सूची तर घरबसल्या संगणकावर शोधता येते. यात वावगे काही नाही. हीच सोय आहे म्हणून एकच घर दोघांना विकणारा लबाड पकडता येतो. ब्लॉक घेताना वकील "सर्च" घेतात तो याच वह्यांचा.

पण उघड्या वहीत आपले काय काय जाते, ते ओळखून असावे. २००१ च्या दुरुस्तीपासून दस्तावर फोटो आणि बोटांचे ठसे लावावे लागतात. खोट्या माणसाने सही करू नये म्हणून हा बंदोबस्त. तोच एकदा उलटला. २०१८ साली तेलंगणात सिमकार्डे विकणाऱ्या एका माणसाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांवरून लोकांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डे चालू केली. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय! आणि ठसा काही पासवर्ड नव्हे, चोरीला गेला म्हणून नवा करून घेता येत नाही.

आधार क्रमांक आणि ठसा जुळला की गावातल्या बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे निघतात. म्हणून आपले ठसे आधारच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइलवरच्या ॲपमधून "लॉक" करून ठेवावेत. भाडेकराराच्या वेळी एजंट यंत्र घेऊन घरी येतो, तेव्हा तेवढ्यापुरते उघडावे आणि तो जिना उतरला की पुन्हा बंद करावे. शेगडी बंद केली की नाही हे आपण दोनदा पाहतो ना, तसेच हे.

मृत्युपत्र मात्र याच कचेरीत झाकून ठेवतात, बरं का! त्याची नोंद वेगळ्या वहीत होते. करणारी व्यक्ती हयात आहे तोवर त्याची नक्कल फक्त तिला किंवा तिच्या मुखत्याराला मिळते, तिच्या मागे मात्र कुणीही अर्ज करू शकतो. "मी मृत्युपत्र केलं तर सुना-मुलांना लगेच कळेल," या धास्तीने कितीतरी जणी आपल्या दागिन्यांची आणि माहेरच्या हिश्शाची सोय लावायची टाळतात. कचेरीतून ते कळायला वाट नाही. आपणच हळदीकुंकवाला सांगितले, तर गोष्ट वेगळी!

लग्नाची नोटीस

विशेष विवाह कायद्याने, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, लग्न करायचे तर आधी नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत ठळक जागी लावतात, नोटिशीची वही कुणीही फुकट पाहू शकतो आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबावे लागते. घरच्यांच्या धाकात असलेल्या सज्ञान मुलीला हा महिना फार जड जातो. तिने आणि तिला साथ देणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावे. धार्मिक विधीने झालेले लग्न महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली नोंदवताना मात्र अशी महिनाभराची नोटीस नसते.

गळती कुठे होते?

इतके सगळे वाचून तुम्हाला वाटेल की सारा धोका कचेरीतच आहे. पण गळका नळ बरेचदा कचेरीच्या बाहेर असतो. माझ्या ओळखीच्या एक बाई सासरच्या मारहाणीला कंटाळून मुलीसह बाहेर पडल्या आणि दुसऱ्या गावी भाड्याने राहू लागल्या. पत्ता त्यांनी भावाखेरीज कुणाला सांगितला नव्हता. भाडेकरार नोंदवणाऱ्या एजंटाने करार आणि आधारचे फोटो घरमालकाला पाठवले, घरमालकाने "नवीन भाडेकरू" म्हणून ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्या गटात सासरच्यांचा एक परिचित निघाला. चौथ्या दिवशी नवरा दारात उभा! पुन्हा घर बदलावे लागले, मुलीची शाळा बदलावी लागली. यात कायदा मोडावा असे कुणाच्या मनातही नव्हते. "त्यात काय एवढं?" एवढाच विचार.

म्हणून घरच्या सामानाच्या यादीसारख्या या चार गोष्टी लक्षात ठेवा. जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही, तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे "मास्क्ड" आधार द्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावर मिळते. प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहावे : "फक्त अमुक कामासाठी", खाली तारीख आणि सही. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत मागून घ्यावी आणि कागद मोबाइलवरून पाठवला असेल तर समोर उभे राहून तो पुसायला लावावा. एजंटाकडे मूळ कागद ठेवून येऊ नये, आणि कोऱ्या फॉर्मवर सही तर कधीच करू नये.

खिडकीवर जास्तीचे काही मागितले, तर "हे कोणत्या नियमाखाली लागतं?" असे विचारायला संकोचू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर वर अपील करता येते, आणि बरेच दाखले "आपले सरकार" संकेतस्थळावरून मागता येतात, म्हणजे मधला माणूसच नको. आपली माहिती जपली जाणे हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितले आहे. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. पण आपण तोंडच उघडले नाही, तर कायद्याचा उपयोग काय?

कपाटात दागिन्यांचा डबा आपण कुलपात ठेवतो आणि आधारच्या झेरॉक्स मात्र वर्तमानपत्राच्या रद्दीत जातात. येत्या रविवारी दुपारी अर्धा तास काढा. घरातल्या सगळ्या दाखल्यांची एक फाइल करा, कोणता कागद कुणाला कधी दिला ते पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि जास्तीच्या प्रती बारीक फाडून टाका. मुलीलाही शेजारी बसवून घ्या. उद्या तिला अशाच खिडक्यांपुढे उभे राहायचे आहे.