मंगळवारी रजा टाका, सायकल काढा!
बेलापूरला उसाच्या मळ्यांतून संथ वाहणारी प्रवरा जिथे जन्मते, त्या रतनगडाच्या पायथ्याशी मी सायकल दामटली. तीही चक्क मंगळवारी! शेंडीहून रतनवाडी, साम्रद, घाटघर करत भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा. टायर जाडच हवेत. जंगलात डांबर मध्येच गायब होतं आणि खडी सुरू. चढावर फेफे उडाली, मान्य. पण तासभर एकही हॉर्न नाही!

मे-जूनच्या वीकेण्डला काजवे बघायला इथेच गाड्यांची रांग लागते. चमकणं म्हणजे काजव्याने जोडीदाराला घातलेली साद. हेडलाइट्सच्या झोतात ती दिसणार कशी? आणि हे अभयारण्य आहे, बॉस! गाडी शेंडीतच ठेवा ना.

आम्ही अंधाराआधी परतलो. चहा, भजी आणि ऑफिसचे सात मिस्ड कॉल.