प्रोसेसरांची हजेरी

संगणकाच्या अंतरंगांत आज्ञा वाचून त्या पार पाडणारा जो भाग, त्यास प्रोसेसर म्हणतात. घरगुती संगणकांत पुष्कळ वर्षें असा एकच प्रोसेसर असे. त्यामुळें कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, "हें काम कोण करीत आहे?" असा प्रश्नच पडत नसे. एका प्रोसेसरसाठीं रचलेल्या कर्नलवर जेव्हां अनेकांचा कारभार सोंपवावयाचा असतो, तेव्हां पहिली अडचण हीच उभी राहते : प्रोसेसर आहेत किती, आणि त्यांतला कोण कोणता?

इंटेल धर्तीच्या यंत्राचें उदाहरण घेऊं. यंत्र सुरू होतांच त्यांतील एकच प्रोसेसर कर्नल चालवूं लागतो. बाकीचे हांक येईपर्यंत स्वस्थ असतात. ह्या अग्रणीला इतरांचा पत्ता कसा लागावा? त्याची व्यवस्था इंटेलनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावलींत आहे. यंत्र जागें करणारी बायॉस नांवाची प्रणाली स्मृतींतील ठराविक जागीं एका तक्त्याचा माग ठेवते. प्रत्येक प्रोसेसरचा क्रमांक कोणता, तो वापरण्याजोगा आहे कीं नाहीं, अग्रणी तोच काय, हें सर्व त्या तक्त्यांत नोंदलेलें असतें. तक्ता शाबूत आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीतहि सोपी आहे. त्यांतील सर्व बाइटांची बेरीज करावी, तिला २५६ नें निःशेष भाग गेला पाहिजे. १९९६ सालीं लिनक्सच्या २.० ह्या आवृत्तीनें अशा यंत्रांवर अनेक प्रोसेसर चालविले ते ह्याच तक्त्याच्या आधारें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निघालेल्या एसीपीआय नियमावलींतील तक्त्यानें पुढें त्याची जागा घेतली.

नोंदींतील क्रमांक हा प्रोसेसरसाठीं व्यत्ययाचे संदेश घेणाऱ्या 'एपिक' ह्या भागाचा असतो. तो सलग असेलच असें नाहीं. चार प्रोसेसरांचे क्रमांक ०, २, ४, ६ असेहि असूं शकतात. मुलांचे घरक्रमांक हजेरीपटावर चालत नाहींत, तशांतलाच हा प्रकार. म्हणून कर्नल आपला स्वतंत्र पट करतो, ०, १, २, ३ असे नवे क्रमांक देतो आणि कोणता जुना क्रमांक कोणत्या नव्याचा, हें लिहून ठेवतो. तसें न करतां चार घरांच्या सारणींत ६ क्रमांकाचें घर शोधूं गेल्यास भलत्याच माहितीवर हात पडतो.

सर्व प्रोसेसर कर्नलच्या त्याच आज्ञा वाचतात. मात्र अर्धवट कामाचीं टिपणें ठेवण्याचा 'स्टॅक' प्रत्येकाचा वेगळा हवा. दोघांस एकच स्टॅक मिळाला, तर एक दुसऱ्याचीं टिपणें खोडतो. मग यंत्र थांबतें. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, न थांबतां चुकीचा हिशेब फाइलींत उतरवितें. तेव्हां "मी कोण?" हें प्रत्येकास ठाऊक असावेंच लागतें. मौज अशी कीं, एपिकमधील क्रमांक वाचण्याचा पत्ता सर्वांना एकच असूनहि प्रत्येकास उत्तर मिळतें तें आपापलें!

शेवटीं अग्रणी एकेकाच्या क्रमांकावर जागृतीचा संदेश पाठवितो. जागा झालेला प्रोसेसर आपला स्टॅक घेऊन 'हजर' अशी खूण करतो. ठराविक वेळांत खूण आली नाहीं, तर त्यास वगळून उरलेल्यांसह कारभार सुरू होतो. केवळ तक्त्यांत नांव आहे म्हणून कोणास काम मिळत नाहीं; हजेरी लागली म्हणजेच मिळतें.