घंटा वाजे, पण शब्द येईना

घंटा वाजे, आमचें बोलणें परदेशस्थ चिरंजीवांस पोंचे. परंतु त्यांचा शब्द आमच्या कानीं पडेना. मातोश्री रोज हिरमुसल्या होत. शेवटीं कळलें, दोष घरच्या ‘फायरवॉल’ नामक द्वारपालाचा!

महाजालावरील संभाषणास वाटा दोन. बोलावणें ‘सिप’ पद्धतीनें, बहुधा ५०६० क्रमांकाच्या द्वारानें येतें. आवाज ‘आरटीपी’ पद्धतीनें निराळ्या द्वारांनीं येतो. आमच्या घरच्या ‘ॲस्टरिस्क’ प्रणालींत तीं मुळांत १०००० ते २०००० अशीं नेमलेलीं असतात. आम्हीं पहिलें द्वार उघडलें होतें. दुसरीं बंदच राहिलीं.

म्हणून वाचकांनीं सारींच द्वारें सताड उघडूं नयेत. परका शिरून आपल्या खर्चानें बोलत बसतो. सेवा पुरविणाऱ्यानें कळविलेल्या पत्त्यांपुरतींच तीं मोकळीं करावीं. आम्हीं तसें केलें, आणि त्याच सायंकाळीं मातोश्रींस नातवाचा शब्द ऐकूं आला: “आजी!”