हळदीचं बेणं आणि संगणकाचं बेणं

वसमत-कळमनुरीकडे हळदीचं बेणं निवडायला बसलं, की बायका जेठा गड्डा हातात घेऊन आधी दाबून बघतात. मऊ लागला की बाजूला! कारण एक कुजका गड्डा लागवडीत गेला, तर कंदकूज शेतभर पसरते. मैत्रिणींनो, संगणकाच्या दुनियेतही असंच बेणं असतं. त्याला म्हणतात 'इमेज'.

बँक, परीक्षेचे निकाल, सरकारी अर्ज अशी कितीतरी कामं आता 'क्लाउड'वर चालतात. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही हो, दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत ठेवलेले भाड्याचे संगणक. त्या एकेका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवतात. निकालाच्या दिवशी गर्दी झाली, की तयार इमेजवरून काही मिनिटांत शंभर नवे उभे! पण इमेजमध्येच विषाणू शिरला, किंवा कुणी पासवर्ड त्यात विसरलं, तर तेही शंभर ठिकाणी जातं. म्हणून इमेज कुलपात ठेवतात, हात कोण लावतं याची नोंद करतात, वापरण्याआधी तिची डिजिटल सही तपासतात.

आणि एक प्रत दूर, वेगळी ठेवायची. हे किती महत्त्वाचं, ते २०१७ साली दिसलं. २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीत घुसला. आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातलं या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीत कोणाला काय उघडायची मुभा, हे सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांच्याच प्रती ठेवत, त्यामुळे सगळे एकदम गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घानात. का? तर तिथे नेमकी तेव्हा लाइट गेली होती! लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्या आपल्याला हे ऐकून हसू येईल. बरं, घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एकाने नायजेरियात जाऊन डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली, तेव्हा ती लंडनला पोचली. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले.

बचतगटाचा हिशेब संगणकावर असेल, तर त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवला, तर विषाणू त्यातही शिरतो.