इंग्रजीतील द्वितीय पुरुषवाचक सर्वनामे : अर्थ, उगम आणि उपयोग

प्रस्तावना :
मराठीत समोरच्या व्यक्तीशी बोलताना 'तू', 'तुम्ही' किंवा 'आपण' यांतून निवड करावी लागते. आधुनिक प्रमाण इंग्रजीत मात्र 'यू' हे एकच सर्वनाम सर्वांसाठी योजले जाते. त्यामुळे इंग्रजीत असा भेद कधी नव्हताच, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. भाषेचा इतिहास याहून निराळा आहे.

उगम :
प्राचीन इंग्रजीत एकवचनी 'थू' आणि अनेकवचनी 'ये' ही कर्तारूपे होती. त्यांचीच पुढे 'दाऊ' आणि 'यी' झाली. 'यू' हे मूळचे अनेकवचनी कर्मरूप होय. 'दाऊ' व संस्कृत 'त्वम्', तसेच 'यी' व संस्कृत 'यूयम्' या जोड्या समान इंडो-युरोपीय मुळांतून आलेल्या आहेत. त्या काळी हा भेद वचनाचा होता, आदराचा नव्हता.

उपयोग :
13 व्या शतकापासून फ्रेंच रीतीच्या प्रभावाने वरिष्ठ व्यक्तीस अनेकवचनाने संबोधण्याची प्रथा रुजली. 'दाऊ' हे मुले, सेवक, जिवलग आणि ईश्वर यांच्यासाठी उरले. त्यात जवळीक होती, तसा अवमानही होता. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक यांनी त्यांना हेतुपुरस्सर 'दाऊ' म्हटले. 17 व्या शतकात क्वेकर पंथीयांनी, एका व्यक्तीस अनेकवचन लावणे ही खुशामत होय, असे मानून सर्वांनाच 'दाऊ' म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यापायी मारही सोसला.

ऱ्हास :
16 व्या शतकात 'यू'ने 'यी'ची जागा घेतली. अनोळखी व्यक्तीचा अवमान होऊ नये म्हणून 'यू'च सुरक्षित ठरले आणि 17 व्या शतकाच्या अखेरीस 'दाऊ' प्रमाण बोलीतून जवळजवळ लोपले. वचनभेदाची उणीव पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातील 'यॉल'सारख्या रूपांनी भरून काढली.

निष्कर्ष :
1611 च्या बायबल भाषांतरातील 'दाऊ' आज आदरार्थी वाटते. वस्तुतः ते 'तू'च आहे. मराठी भक्तही विठ्ठलास 'तू'च म्हणतो. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात आई मुलास प्रथम 'दाऊ' म्हणते, मुलगा 'यू'ने उत्तर देतो आणि लगेच आईही 'यू'वर येते. या एका बदलात मायलेकांतील दुरावा प्रकट होतो. मराठी अनुवादकाने दोन्ही ठिकाणी 'तू' योजल्यास तो दुरावा वाचकापर्यंत पोहोचणार नाही.